लपून घेतलेली आंघोळ

दोस्तहो, एका आंघोळीचा हिशेब अजून लागत नाही. तुमच्यापुढं मांडतो.

वीस मार्चला आम्ही चौघं पुण्याहून महाडला गेलो. रात्रपाळी उरकून तसाच स्वारगेटला एस.टी.त बसलो, भोरवरून वरंधा घाट उतरलो. चवदार तळ्यावर निळे झेंडे, पुस्तकांचे ढीग, माणसंच माणसं. ओंजळीनं पाणी प्यालो. छाती भरून आली.

दुसऱ्या दिवशी सवला गेलो. महाडजवळच, सावित्रीच्या काठी. तिथं जमिनीतनं कढत पाणी येतं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटात तापतं आणि वर येतं. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणात असे झरे आहेत. माणसं तिथं देव बसवतात, कुंड बांधतात. पाण्याला त्यातलं काही ठाऊक नसतं.

गिरणीत उभं राहून आखडलेले पाय पाण्यात सोडले. बरं वाटलं. तेवढ्यात कुंडातल्या एका गृहस्थानं विचारलं, "कुठले तुम्ही? आडनाव काय?"

आमचा एक दोस्त पटकन म्हणाला, "पाटील. पुण्याचे."

गृहस्थानं सरकून जागा दिली. आम्ही तिघं गप्प. पाणी तेवढंच कढत होतं, पण माझं अंग काही सैल होईना.

परतीच्या गाडीत मी दोस्ताला टोकलं. तो उसळला. "चोराला कुणी खरी किल्ली देतं काय? ह्याच आडनावावर मला पुण्यात खोली मिळाली. तू देणार होतास खोली?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्याचं खरं आहे. पाप विचारणाऱ्याचं.

पण मग १९२७ चं काय? बोल्यांचा ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर हक्क होता. नाव लपवून, परका होऊन कुणीही एखादी घागर भरून नेली असती. बाबासाहेब तसे गेले नाहीत. दिवसाढवळ्या, हजारोंना घेऊन, नावानिशी गेले. ह्या पाण्यानं आपण अमर होणार नाही, हे त्यांनीच बजावलं होतं. माणूस म्हणून जायचं होतं.

म्हणून तर सनातन्यांना शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करावंसं वाटलं. पाण्याला आमचं नाव लागलं होतं. मग कोर्टकज्जे झाले, हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. सवच्या कुंडाला मात्र आमचं नाव लागलंच नाही. तिथं पाटलांनी आंघोळ केली. आम्ही कोरडेच परतलो.

दोस्ताला मी दोष देत नाही. खोली राखता राखता लागलेली सवय ती. पण माझी कुठली खोली जाणार होती? कुंडात ना भाकर पणाला होती ना छप्पर. नुसता एका माणसाचा चेहरा बदलला असता, एवढंच. त्या चेहऱ्याला भिऊन मी गप्प बसलो. सकाळी-संध्याकाळी 'जयभीम' म्हणणारा मी.

मला वाटतं, रेघ इथंच आहे. जिथं भाकर, छप्पर, जीव जाणार, तिथल्या खोट्याचं ओझं विचारणाऱ्याच्या डोक्यावर. जिथं फक्त आपला संकोच आडवा येतो, तिथं नाव सांगायचं. तुमची रेघ दुसरीकडं असेल तर लिहून कळवा, भांडू.

पुढच्या मार्चला परत जायचं ठरलंय. दोस्त म्हणाला, "येतो की. पण विचारलं तर आधी तू सांगायचं."

सांगणार.