क्रॉसबो आणि क्रूस

धर्मशिक्षणाच्या वर्गात क्रुसेडचा विषय चालला होता. एका पुस्तकातील चित्र मी मुलांना दाखवत होतो. तटाच्या आडून नेम धरणाऱ्या शिपायाच्या हातातील शस्त्रावर बोट ठेवून आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, ह्याला क्रॉसबो म्हणतात ना? म्हणजे क्रुसाचे धनुष्य का?” मी घाईने “नाही रे, इथे क्रॉस म्हणजे नुसते आडवे” असे सांगून पुढे गेलो. शिक्षकाला पाठ संपवायचा असतो, तेव्हा त्याची उत्तरे अशीच आखूड होतात. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. शब्दकोश उघडला, मग इतिहासाची पुस्तके उघडली, आणि आपले उत्तर अर्धेच खरे होते हे ध्यानात आले.

शस्त्राची रचना साधी आहे. लाकडी दांड्याच्या पुढच्या टोकाला धनुष्याची कांब आडवी बसवलेली असते. तिची दोरी मागे ओढून हाडाच्या किंवा शिंगाच्या एका फिरत्या बोंडात अडकवायची, दांड्यावर आखूड, जाड बाण ठेवायचा आणि खालचा चाप दाबायचा. बोंड फिरते, दोरी सुटते. टोकाला रिकिबीसारखी लोखंडी कडी असे. तिच्यात पाय घालून, कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या आकड्याने दोरी वर खेचत. पुढे कांब पोलादाची झाली, तेव्हा दोरी ओढायला हातरहाट लावावा लागला. चीनमध्ये हे शस्त्र युरोपच्या कितीतरी आधीपासून होते. सम्राट चिन शी ह्वांगच्या समाधीपाशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांबरोबर त्याचे कांस्याचे चाप सापडले आहेत.

ह्या रचनेतील एका गोष्टीपाशी मी थबकलो. साधे धनुष्य ताणून धरणाऱ्याचा दंड थोड्याच वेळात थरथरू लागतो. सोडायचे की खाली आणायचे, हे त्याला लगेच ठरवावे लागते, आणि त्या ठरवण्यात त्याचे सारे शरीर गुंतलेले असते. क्रॉसबो एकदा ताणला की माणूस निवांत बसून राहू शकतो. थकवा लाकडाने आणि शिंगाने सोसायचा. माणसाकडे उरते ते बोटाचे काम. बंदुकीची कळ दाबणे ह्याला आपण मराठीत चाप ओढणे म्हणतो, आणि संस्कृतात चाप म्हणजे धनुष्यच. धनुष्य आकसत आकसत बोटाखालच्या त्या लहानशा तुकड्यात येऊन बसावे, तसा हा शब्द मला वाटतो.

आता नावाकडे वळू. लॅटिनमध्ये ह्या शस्त्राला ‘आर्कुबालिस्ता’ म्हणत. ‘आर्कुस’ म्हणजे धनुष्य, आणि ‘बालिस्ता’ म्हणजे दगड वा भाले फेकण्याचे यंत्र. त्याच्या मुळाशी फेकणे ह्या अर्थाचा ग्रीक धातू आहे. फ्रेंचांनी त्याचे ‘आर्बालेत’ केले. जर्मनांच्या कानांनी तोच शब्द वेगळा ऐकला आणि ‘आर्मब्रुस्ट’, म्हणजे जणू बाहू आणि छाती, असे नवेच नाव घडवले. पोर्तुगीजांनी निम्मा शब्द टाकून ‘बेस्ता’ एवढाच ठेवला. त्याच अक्षरांचा, उच्चारात किंचित वेगळा असा दुसरा एक पोर्तुगीज शब्द आहे. त्याचा अर्थ पशू. दोघांची मुळे निराळी, तरी योगायोग विचार करायला लावणारा. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, त्या सफरीतही त्याच्या माणसांपाशी बेस्ता होते. आपल्या किनाऱ्यावर मात्र लवकरच बंदुका आणि तोफा आल्या, आणि ते नाव इथे रुजले नाही.

इंग्रजांनीही आधी फ्रेंच नावच वापरले. ‘क्रॉसबो’ हा त्यांचा शब्द रूढ झाला तो पंधराव्या शतकात, आणि त्यातील ‘क्रॉस’चा अर्थ आडवा हाच आहे. इथपर्यंत माझे उत्तर बरोबर होते. परंतु आडवे ह्या अर्थाने इंग्रजीत ‘क्रॉस’ आला कोठून? लॅटिन ‘क्रुक्स’ हा शब्द आयरिश भाषेत गेला, तेथून उत्तरेकडील नॉर्स दर्यावर्दींच्या तोंडी आणि त्यांच्याकडून इंग्लंडात. प्रथम त्याचा अर्थ प्रभूचा क्रूस एवढाच होता. मग त्या आकारावरून जे जे आडवे ते ते क्रॉस झाले. म्हणजे शस्त्राला क्रुसाचे नाव दिलेले नव्हते, पण क्रुसातून जन्मलेल्या शब्दाचे नाव मिळाले होते. मुलाचा कान माझ्यापेक्षा तिखट होता.

आणि मूळ क्रूस तरी काय होता? उभे लाकूड, त्यावर आडवे लाकूड. गुलामांना आणि बंडखोरांना मारण्यासाठी रोमन राज्याने योजलेले साधन. खिळे ठोकणाऱ्यांमुळे तो पवित्र झाला नाही, त्यावर टांगल्या गेलेल्यामुळे झाला. लाकडाच्या कोणत्या बाजूला कोण आहे, ह्यावर सारे अवलंबून असते. क्रॉसबोच्या बाबतीत हाच प्रश्न ख्रिस्तसभेपुढे प्रत्यक्ष उभा राहिला.

सन ११३९ च्या एप्रिलमध्ये पोप दुसरे इनोसंट ह्यांनी रोम येथे लॅटरनची दुसरी परिषद भरवली. ह्या परिषदेने युद्धाला बांध घालण्याचा निकराने प्रयत्न केला. धर्मगुरू, मठवासी, प्रवासी, व्यापारी आणि शेतकरी ह्यांना लढाईतही कोणी हात लावू नये. बुधवारी सूर्यास्तापासून सोमवारी सूर्योदयापर्यंत शस्त्रे खाली राहावीत. केवळ शौर्य मिरवण्यासाठी झुंजी भरवू नयेत. आणि एकोणतिसाव्या नियमाने क्रॉसबोधारी व धनुर्धारी ह्यांची विद्या प्राणघातक आणि देवाला तिरस्करणीय ठरवली. तिचा वापर करणारा बहिष्कृत होईल असे घोषित केले. बंदी एकट्या क्रॉसबोवर होती असे पुष्कळदा सांगितले जाते, पण नियमात साध्या धनुष्याचाही उल्लेख आहे.

पुढच्या रविवारी मी हे सारे वर्गात अभिमानाने सांगितले. नियमातील एक शब्दप्रयोग मी गाळणार होतो. मग तो सांगावा असेच वाटले. ही बंदी ख्रिस्ती माणसांविरुद्धच्या वापराला होती. तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे दुसऱ्यांना मारले तर चालत होते का, सर?”

चालत होते. निदान नियमाने त्याला आडकाठी केली नव्हती. जी विद्या देवाला तिरस्करणीय, ती समोरचा माणूस कोण आहे हे पाहून कमीअधिक तिरस्करणीय कशी होईल? परिषदेच्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न पडला नसेल असे म्हणवत नाही, पण त्यांनी तो लिहून ठेवला नाही. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एकमेकांचे गळे कापणाऱ्या सरदारांना, जिथपर्यंत आपला शब्द पोहोचतो तिथपर्यंत तरी थोपवावे, असा त्यांचा हेतू असू शकतो. कुंपण जेवढे घालता येते तेवढेच माणूस घालतो. परंतु दुसरीही शक्यता आहे, आणि ती मनाला टोचते. ह्या शस्त्राने चिलखत भेदले जाई. आयुष्यभर तालीम केलेल्या उमरावाला चार आठवडे शिकलेला चांभाराचा पोर तटावरून लोळवू शके. तिरस्कारात करुणा किती होती आणि उच्चकुळांची धास्ती किती, हे वेगळे करणे आज अवघड आहे.

कुंपण टिकले नाही. परिषद संपून तीन-चार महिने होतात न होतात तोच पोप इनोसंट स्वतः सिसिलीचा राजा रॉजर ह्याच्यावर सैन्य घेऊन गेले आणि २२ जुलै ११३९ रोजी गाल्लुच्चो येथे कैद झाले. नियम १२३४ साली पोप नववे ग्रेगरी ह्यांच्या धर्मकायद्याच्या संग्रहातही आला. पण तोवर युद्ध न्याय्य असेल तर ख्रिस्ती शत्रूवरही हे शस्त्र चालेल, असा अर्थ भाष्यकार लावू लागले होते. आपले युद्ध अन्याय्य आहे असे म्हणणारा राजा अजून जन्मायचा आहे.

आपण पूर्वेकडच्या लोकांना कसे दिसत होतो, हेही पाहावे. बायझंटाइन राजकन्या आन्ना कोम्निनी हिने त्याच शतकात आपल्या पित्याचा इतिहास लिहिला. पाश्चात्त्यांचे हे धनुष्य तिला सैतानी वाटले. त्याचे वर्णन आहे त्याच प्रकरणात जहाजावरून तुंबळ लढणाऱ्या एका लॅटिन धर्मगुरूची हकीगत येते. ज्या हातांनी पवित्र वस्तू हाताळायच्या त्याच हातांत ढाल आणि भाला, ह्याचे तिला नवल आणि किळस दोन्ही वाटली. ती शत्रुपक्षाची होती, आपल्याला कमी लेखणारी होती. तरी ते वाचताना मान खाली जाते.

इंग्लंडचा राजा रिचर्ड ह्याची गोष्ट मुलांना ठाऊक होती, पण सिंहहृदयी शूर एवढीच. सन ११९१ मध्ये अक्कोच्या वेढ्यात तो आजारी होता, तेव्हा रेशमी पासोडीवर घालून त्याला खंदकापाशी नेले आणि तेथून तो पडल्यापडल्या क्रॉसबो चालवत राहिला. शहर पडल्यावर, २० ऑगस्टला, त्याने सुमारे २,७०० मुसलमान कैद्यांची कत्तल करविली. आठ वर्षांनी, २६ मार्च ११९९ रोजी, फ्रान्समधील शालू येथे एका किरकोळ गढीच्या वेढ्यात तटावरून सुटलेला क्रॉसबोचा बाण त्याच्या खांद्यात घुसला. जखम चिघळली. इंग्रज इतिवृत्तकार रॉजर ऑफ हाउडन सांगतो की गढी पडल्यावर बाण मारणाऱ्याला राजाच्या बिछान्यापाशी आणले. तू माझ्या बापाला आणि दोन भावांना मारलेस, असे तो न घाबरता म्हणाला. रिचर्डने त्याला क्षमा केली, शंभर शिलिंग देऊन सोडण्याची आज्ञा केली, आणि ६ एप्रिलला प्राण सोडला. राजाचे डोळे मिटताच त्याच्या भाडोत्री सेनापतीने त्या माणसाची जिवंतपणी कातडी सोलली. अक्कोच्या कैद्यांच्या वाट्याला ती क्षमा आली नव्हती, आणि ज्याला ती लाभली त्यालाही ती वाचवू शकली नाही. तरीही मरणाऱ्या राजाचे ते शब्द खोटे होते असे मला म्हणवत नाही.

पुढे शस्त्रे वाढत गेली आणि नियमातील तो शब्दप्रयोग निरर्थक होत गेला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तो उराकामीच्या कॅथलिक वस्तीवर. बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा वैमानिक चार्ल्स स्वीनी स्वतः कॅथलिक होता. कथेड्रल कोसळले, हजारो श्रद्धावंत जळाले. वीस वर्षांनी, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपूर्ण शहरे लोकांसह सरसकट नष्ट करणे हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध अपराध ठरवला. त्या वाक्यात कोणाविरुद्ध वापरले तर, ही पुस्ती नाही. तो एक शब्दप्रयोग गळायला आठशे सव्वीस वर्षे लागली. आणि शेजारी कोण हा प्रश्न तर प्रभूने शोमरोनी माणसाच्या दृष्टान्ताने त्याच्याही कितीतरी आधी निकालात काढला होता. आपल्या घरांत, दंगलीच्या बातम्या ऐकताना, मेले ते आपले की त्यांचे असे आपण आधी विचारतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. मी विचारले आहे.

शेवटच्या तासाला मी मुलांना एका चित्राची छापील प्रत दाखवली. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. सुमारे १४३५ मध्ये रोजिर वान डर वायडन ह्या चित्रकाराने ते लुव्हेन शहरातील क्रॉसबोधाऱ्यांच्या संघासाठी, त्यांच्या प्रार्थनामंदिराकरिता काढले. तीन शतकांपूर्वी ज्यांची विद्या बहिष्कृत ठरली होती, त्यांचे आता संघ होते, वेदी होत्या. चित्रात प्रभूला क्रुसावरून उतरवत आहेत. ते शरीर कमानीसारखे वाकले आहे, आणि खाली कोसळणाऱ्या पवित्र मरीयेचे शरीरही तसेच. संघाच्या शस्त्राचा बाक चित्रकाराने प्रभूच्या देहाला दिला, असे काही जाणकार मानतात. वरच्या कोपऱ्यांतील नक्षीत इवलेसे क्रॉसबो कोरल्यासारखे दाखवले आहेत. संघाचे लोक त्या वेदीपुढे गुडघे टेकत असतील, तेव्हा नजर आधी त्या खुणांकडे जात असेल की त्या देहाकडे?

मुले बराच वेळ कोपऱ्यांतील धनुष्ये शोधत होती. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता तो मुलगा मात्र चित्राच्या मधोमध पाहत होता. बाहेर मिस्साची घंटा झाली, तशी मी प्रत गुंडाळून ठेवली.