छातीवरचं बोधवाक्य

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातलं रिनो हे कॅसिनोंसाठी ओळखलं जाणारं शहर. तिथल्या रॉय गॉम या सरकारी प्राथमिक शाळेने २०११ मध्ये गणवेश लागू केला. लाल किंवा गडद निळा कॉलरचा टी-शर्ट, त्यावर गोफर हा बिळात राहणारा प्राणी, शाळेचं नाव आणि दोन शब्द : ‘उद्याचे नेते’. स्काउट-गाइडसारख्या संघटनांच्या मुलांना बैठकीच्या दिवशी आपला गणवेश घालायची सवलत होती. एका कुटुंबातली मुलं फुटबॉल संघटनेचा गणवेश घालून आली, तेव्हा मात्र त्यांना कपडे बदलायला लावलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं.

गणवेशाशिवाय शाळा डोळ्यांसमोर आणणंच ज्यांना जड जातं, त्या मराठी वाचकांना हे चोचले वाटतील. पण सरकारी शाळेचं एक वेगळेपण आहे. ती कुणा मुलाला ‘जमत नसेल तर दुसरी शाळा बघा’ असं सांगू शकत नाही. म्हणून तिथे सक्ती करायची, तर तिचा फायदा दाखवून देणं हे सक्ती करणाऱ्याचं काम.

रिनोच्या खटल्यात २०१४ साली ‘नववं सर्किट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय अपील न्यायालयाने बोट ठेवलं ते त्या दोन शब्दांवर. सरकारने ठरवलेलं वाक्य मुलाला अंगावर वागवायला लावणं म्हणजे ते त्याच्याकडून वदवून घेणं. वाक्य निरुपद्रवी आहे, हा बचाव चालला नाही. या सक्तीचं समर्थन शाळेला करता आलेलं नाही, असा निकाल यायला २०१७ उजाडलं. २०११ मध्ये पहिलीत असलेलं पोर तोवर सातवीत गेलं होतं!

शर्ट कोरा असता तर वाक्याचा हा प्रश्न उठलाच नसता, हेही न्यायालयाने सांगितलं. कोऱ्या गणवेशाला कायद्याची आडकाठी सहसा येत नाही. म्हणून खरा वाद कोर्टाबाहेरचा आहे : गणवेशाने साधतं काय?

गणवेशाचे समर्थक कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचकडे बोट दाखवतात. १९९४ मध्ये तिथल्या सगळ्या सरकारी प्राथमिक आणि मधल्या शाळांत गणवेश आला. गुन्हे झपाट्याने घटल्याचे आकडे प्रसिद्ध झाले आणि १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी संसदेपुढच्या भाषणात गणवेशाची तरफदारी केली. त्या शाळांत त्याच सुमारास इतरही सुधारणा चालू होत्या, पण कौतुक झालं ते कपड्यांचं. शिवाय क्लिंटन बोलत होते महागड्या जॅकेटसाठी एकमेकांच्या जिवावर उठणाऱ्या किशोरांबद्दल. कपड्यांच्या रंगांवरून ओळखल्या जाणाऱ्या गुंडटोळ्यांची भीती सहा वर्षांच्या मुलाला लावायची, तर आधी त्याला बुटाची नाडी बांधता यायला हवी.

लहान मुलांचा अभ्यासही झाला आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या सहा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. गणवेशाच्या आणि बिनगणवेशाच्या शाळांत वर्तन किंवा सामाजिक कौशल्यं यांत फरक आढळला नाही. गरीब घरांतल्या मुलांची हजेरी किंचित जास्त निघाली, वर्षाकाठी एका दिवसाहूनही कमी. पाचवीत तर गणवेशातल्या मुलांना शाळेबद्दलचा आपलेपणा कमी वाटत होता. गणवेशाने वाढायचा म्हणतात तोच! २०१२ च्या एका अभ्यासात गणवेश आल्यावर प्राथमिक शिक्षक शाळेत अधिक टिकलेले दिसले. ही जमेची बाजू खरी, पण शिक्षक टिकवायचे म्हणून मुलांना एका रंगात रंगवणं हा उफराटा उपाय झाला.

राहिला समतेचा मुद्दा. अमेरिकेत गणवेशाचा खर्च बहुधा पालकांच्याच खिशातून जातो, आणि खेळायला, लग्नाकार्याला घरचे कपडे लागतातच. ज्या घरी दोनच जोड आणि वॉशिंग मशीन नाही, तिथे ओला शर्ट सकाळी पंख्याखाली वाळवावा लागतो. वर्गात मग पाच जोडवाला आणि दोन जोडवाला कॉलरच्या विटलेपणावरून ओळखू येतात. बूट आणि दप्तर तर आहेतच.

पैसे सरकारने दिले तरी गुंता सुटतोच असं नाही. महाराष्ट्राने ‘एक राज्य, एक गणवेश’ काढला, २०२४ मध्ये कापड राज्यपातळीवरून घेऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. शाळा जूनमध्ये उघडल्या, पण अनेक मुलांना कित्येक महिने गणवेश मिळाला नाही; मिळाला तो अनेकांना बसेना. वाढत्या वयाच्या पोराचं माप मंत्रालयातून कसं घेणार? वर्षअखेर गणवेश घेण्याचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला.

ज्या सरकारी प्राथमिक शाळेत गणवेशाचा ठराव अजून व्हायचा आहे, तिथल्या पालकसभेने एवढंच विचारावं : कुठली अडचण आहे आणि ती कपड्यांमुळे आहे का? गर्दीत मुलं ओळखता यावीत एवढंच हवं असेल, तर सहलीच्या दिवशी शाळेने एकसारखे टी-शर्ट वाटावेत आणि संध्याकाळी परत घ्यावेत. धुवायचे कुणी, ते सभेत ठरवता येईल.