घंटी कोणी वाजवली?

रविवारची सकाळची मिस्सा. फादरांनी पवित्र भाकर उंचावली, घंटी वाजली, सारे ख्रिस्तमंदिर निःशब्द झाले. नेमक्या त्याच क्षणी मागच्या बाकावरून एका चिमुरड्याने खणखणीत आवाजात विचारले, “आई, घंटी कोणी वाजवली?”

आपण सर्वांनी मागे वळून पाहिले. त्या तरुण आईचा चेहरा उतरला. मुलाच्या तोंडावर हात ठेवून, त्याला उचलून ती बाहेर गेली. पुढचे दोन रविवार ती दाराबाहेरच उभी होती. तिसऱ्या रविवारी ती दिसलीच नाही.

तिला कोणीही ‘बाहेर जा’ म्हटले नव्हते. आपण फक्त माना वळवल्या होत्या. ज्या क्षणी आपली नजर वेदीवर असायला हवी होती, त्या क्षणी ती आपणच तिथून काढून घेतली. ते मूल मात्र वेदीवर काय चालले आहे, हेच विचारत होते! मग भक्तिभंग नक्की कोणी केला?

प्रभू येशूकडे मुलांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावले, तेव्हा येशूला राग आला तो शिष्यांचा (मार्क १०:१३-१६). मुले आधी शांत झाली का, हे त्याने पाहिले नाही. त्याने त्यांना कवेत घेतले व आशीर्वाद दिला. मत्तयच्या एकविसाव्या अध्यायातही असेच काही घडते. मंदिरात मुले मोठ्याने जयघोष करतात, याजकांना ते खपत नाही आणि येशू मुलांची बाजू घेतो. त्याच अध्यायात, त्याच मंदिरातून, त्याने व्यापाऱ्यांना हाकलून दिले आहे. म्हणजे सगळा आवाज सारखा नसतो. प्रवचनाच्या वेळी वाजणारा आपला मोबाइल आणि व्हरांड्यात रंगणाऱ्या आपल्या गप्पा कोणत्या आवाजात मोडतात, हे आपण स्वतःलाच विचारलेले बरे.

याचा अर्थ मुलांना मोकाट सोडावे असा नाही. पतीच्या वर्षदिनाच्या मिस्सेला आलेल्या माऊलीचा त्या शांततेवर हक्क आहे. कमी ऐकू येणारे आजोबा कानाला हात लावून प्रवचन ऐकतात, त्यांचाही आहे. ‘लहान आहे, चालायचेच’ असे म्हणून रडणाऱ्या मुलाला घेऊन बसून राहणे म्हणजे शेजाऱ्याच्या प्रार्थनेची कदर न करणे होय. आईवडिलांनी शेजाऱ्याचा विचार करावा, शेजाऱ्याने आईवडिलांना सांभाळून घ्यावे. शेजारप्रीती दोन्ही बाजूंनी असते.

ख्रिस्तसभेनेही हा समतोल राखला आहे. सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलावर रविवारच्या मिस्सेचे बंधन नाही. मुलांच्या मिस्सेविषयी व्हॅटिकनने १९७३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत, तान्ह्या मुलांना मिस्सेच्या वेळी दुसरीकडे सांभाळून शेवटी आशीर्वादासाठी आत आणण्याची मुभा आहे. त्याच मार्गदर्शिकेत असेही म्हटले आहे की, मुलांनाही शांततेची गरज असते आणि तीही आपल्या परीने खरेखुरे चिंतन करू शकतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपेलमध्ये ३२ बालकांना स्नानसंस्कार दिला. बाळ भुकेले असेल तर निःसंकोच पाजा, असे त्यांनी तेथे मातांना सांगितले होते.

मग मुलांना शांत बसायला शिकवायचे कसे? चिमटा काढला, ‘फादर ओरडतील’ अशी भीती घातली, तर मूल गप्प होते. पण देवाचे घर म्हणजे मार खाण्याची जागा, हेच त्याच्या मनात बसते. हातात मोबाइल दिला, तरीही ते गप्प होते. पण तेव्हा ते मिस्सेत नसतेच. अशी शांतता आपल्या सोयीची असते. तिला भक्ती म्हणता येत नाही.

भक्ती मूल पाहून शिकते. त्यासाठी त्याला आधी दिसले पाहिजे. शेवटच्या बाकावरून त्याला फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात. म्हणून मुलाला घेऊन पुढे बसावे. घरून निघताना त्याला पोटभर खायला द्यावे आणि आज काय होणार ते वाटेत सांगावे. पवित्र पाण्यात त्याची बोटे बुडवून, त्याचा हात धरून क्रुसाची खूण करावी. तेवत असलेला दिवा दाखवून, येशू इथे आहे, हे कानात सांगावे. कुजबुजणे हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. रडू आवरेना तर बाहेर न्यावे, पण बाहेर खेळ सुरू करू नये. शांत होताच परत आत आणावे. मुख्य म्हणजे, घरी जपमाळेच्या वेळी टीव्ही बंद असावा. ज्या मुलाने आठवडाभर शांतता अनुभवलीच नाही, त्याला ती रविवारी एका तासात कुठून सापडणार?

बाळ शमुवेलाला रात्री देवाची हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे त्याला कळले नाही. काय उत्तर द्यायचे, ते वृद्ध एलीने त्याला शिकवले (१ शमुवेल ३). आपल्या धर्मग्रामात शमुवेल पुष्कळ आहेत. आपल्याला एली व्हायचे आहे.

ती आई पुन्हा दारात दिसली, तर आपण बाकावर सरकून तिला जागा करून देऊया. आणि मिस्सा संपल्यावर तिच्या मुलाला जवळ बोलावून सांगूया, घंटी कोणी वाजवली आणि कशासाठी. त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.