पोचपावतीचा रकाना

काल सकाळी सात वाजता माझा फोन चौदा वेळा वाजला. दरवेळी तोच मजकूर, आज अकरा वाजता तोंडी परीक्षा आहे. चाचणीच्या यादीत तू माझा नंबर घातला होतास म्हणून हे मला कळलं तरी. बाकी मुलांनी वैतागून फोन बंद करून ठेवले. आता तोंड पाडून उभा राहू नकोस. बस. हे निरोप पाठवायला कुठलं साधन घ्यावं यावरचा तुमचा अहवाल उघड, पान बारा.

हा तक्ता कुणी केला? तिघांनी मिळून? छान. अकरा साधनं, सहा रकाने, आणि पहिल्याच रकान्यात गिटहबवरचे तारे. अरे, तारे मोजून पंचांगसुद्धा होत नाही! दुसरा रकाना सेकंदाला किती संदेश जातात याचा. तुमच्या विभागात मुलं किती? दोनशे चाळीस. दिवसाला दोनशे चाळीस संदेश पाठवायला सेकंदाला लाखभर संदेशांचा वेग कशाला हवा होता रे? दोन माणसांच्या खिचडीला कुणी पंगतीचं पातेलं चढवतं का?

आणि यात काफ्का, सेलेरी, एअरफ्लो एकाखाली एक मांडून त्यांना दहापैकी गुण दिलेत. घोडा, टांगा आणि टांग्याचं वेळापत्रक यांची शर्यत लावल्यासारखं आहे हे. एअरफ्लो २०१४ साली एअरबीएनबीत सुरू झालं ते कामांचा क्रम आणि वेळ सांभाळायला. कामं वेगवेगळ्या यंत्रांवर वाटायची तर ते हवं तेव्हा सेलेरीलाच हाताशी धरतं. सेलेरी पायथनमधली कामं वर्करांना देते, पण निरोप ठेवायला तिला खाली रॅबिटएमक्यू किंवा रेडिससारखं काहीतरी लागतं. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा, आणि तुम्ही दोघांची उंची मोजून निकाल लावलात.

काफ्काच्या पानावर नेहा नारखेडेंचा फोटो लावलायस. पुण्यात शिकलेली मुलगी लिंक्डइनमध्ये जाऊन काफ्का घडवणाऱ्यांपैकी एक होते, याचा अभिमान मलाही आहे. पण फोटोखाली लिहिलंयस, 'संदेश वाचला की रांगेतून निघून जातो.' कुठून आणलंस हे? काफ्का ही रोजकीर्द आहे. वाचल्याने नोंद खोडली जात नाही. मूळ ठेवणीप्रमाणे ती १६८ तास, म्हणजे सात दिवस, तिथेच राहते आणि वाचणारा आपण कुठवर आलो एवढी खूण ठेवतो. वाचला की गेला, ही रीत रॅबिटएमक्यूच्या साध्या रांगेची, आणि तिथेही वाचून नव्हे, पोचपावती मिळाल्यावर. शिवाय तीन पार्टिशन करून एकाच ग्रुपमध्ये आठ कन्झ्युमर बसवलेत. एका पार्टिशनला ग्रुपमधला एकच कन्झ्युमर वाचतो. उरलेले पाच काय करत होते? माश्या मारत होते. त्यांचं भाडं मात्र चालू.

पोचपावती हा शब्द अख्ख्या अहवालात एकदाही नाही. मी शोधला. सतरा लुगडी, तरी भागूबाई उघडी म्हणतात ते हेच. निरोप घेणाऱ्याने पावती कधी द्यायची, यावर सगळं अडतं. काम सुरू करण्याआधी दिली आणि मधेच वर्कर मेला, तर काम हरवलं. संपल्यावर द्यायची ठरवली आणि काम होऊन पावती जायच्या आत वीज गेली, तर तेच काम पुन्हा होणार. सेलेरीची मूळ ठेवण पहिली आहे, सांगितलंत तर ती दुसरी पाळते. हरवणं की दोनदा होणं, यातलं एक पत्करावंच लागतं. तू यातलं काय पत्करलंस? ठरवलंच नाहीस, म्हणून तुझ्या वतीने यंत्राने ठरवलं.

चौदा संदेशांचं कारण काय म्हणालास? एसएमएसवाल्या कंपनीची चूक? नाचता येईना, अंगण वाकडं. मी तुझा कोड पाहिला. रात्रभर डोकं खाल्लं त्याने. सायंकाळी सव्वापाचला तू काम रांगेत टाकलंस आणि वेळ दिलीस दुसऱ्या दिवशी सकाळी सातची. खाली रेडिस. आता ऐक. वर्कर ते काम लगेच उचलतो आणि आपल्या मेमरीत धरून सातची वाट पाहतो. पावती देत नाही, कारण काम अजून सुरूच झालेलं नाही. इकडे तासभर पावती आली नाही की वर्कर मेला असं धरून तेच काम पुन्हा रांगेत टाकलं जातं. रेडिसबरोबर वापरताना सेलेरीत ही मुदत मुळातच एक तासाची ठेवलेली आहे. सव्वासहाला पहिली पुनरावृत्ती, सव्वासातला दुसरी, अशी पहाटे सव्वासहापर्यंत तेरा. मूळ एक धरून चौदा. सातला सगळे एकदम सुटले. तुझं यंत्र अगदी बिनचूक चाललं होतं बाळा.

हे सेलेरीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये रेडिसच्या पानावर सावधगिरीच्या सूचनेत लिहिलंय. तू तेच पान उघडलं होतंस, इन्स्टॉल करायची ओळ उचलायला. ओळ उचललीस आणि टॅब बंद केलास.

'मुदत चोवीस तास करतो' म्हणू नकोस. मग वर्कर खरंच मेला तर त्याच्या हातातलं काम चोवीस तास कुणाला सापडणार नाही. रॅबिटवर गेलो असतो तर वाचलो असतो, हेही नको. तिथे अर्धा तास पावती आली नाही की चॅनेलच बंद करायची मूळ ठेवण आहे. जागा बदलून खोड जात नाही. उद्याचं काम आजच रांगेत टाकायचं कशाला? रांग आत्ताच्या कामासाठी असते. उद्याचं काम वहीत लिहून ठेवतात.

वही तुझ्याकडे होती. विद्यार्थ्यांची यादी पोस्टग्रेसमध्येच आहे ना? एक तक्ता वाढव: विद्यार्थी, परीक्षा, कधी पाठवायचं, पाठवलं का. विद्यार्थी आणि परीक्षा या जोडीवर युनिक बंधन घाल, म्हणजे एकच निरोप दोनदा नोंदलाच जाणार नाही. दर मिनिटाला क्रॉन उठेल आणि वेळ झालेल्या ओळी उचलेल. दोन वर्कर एकाच ओळीवर तुटून पडू नयेत म्हणून पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून, स्किप लॉक्ड आहे. त्यामुळे वर्कर दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेतो. काफ्का नको, एअरफ्लो नको. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? अहवाल चार पानांचा होईल, होऊ दे.

तरी एक प्रश्न उरतोच. एसएमएस गेला आणि 'पाठवलं' अशी खूण करायच्या आत वर्कर मेला तर? गेलेला एसएमएस परत बोलावता येत नाही. परीक्षेची आठवण दोनदा गेली तर कुणी रडत नाही, एकदाही गेली नाही तर वर्ष जातं. फीचे पैसे खात्यातून कापायचे असते तर उत्तर उलटं आलं असतं. यावर पाच मिनिटं बसून एक परिच्छेद लिहायला हवा होता. त्याऐवजी तीन दिवस रंगीत आलेख काढत बसलात.

आणि हो, रेडिसपुढचा 'बीएसडी परवाना' खोड. मार्च २०२४ मध्ये त्यांनी परवाना बदलला, त्यावरून व्हॅल्की वेगळं निघालं, आणि २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीला एजीपीएलचा पर्याय दिला. मुखपृष्ठावर 'ओपन सोर्स' ठळक छापताना हे बघायचं असतं.

उद्या दहाला लॅबमध्ये या, तिघेही. तुम्ही कामं चालू करा, मी अधूनमधून वर्करच्या यंत्राची वायर उपटणार आहे. प्रत्येक वेळी काय हरवलं आणि काय दोनदा झालं ते जर्नलमध्ये हाताने लिहायचं. यादीतून माझा नंबर काढू नका.