आरपार दगड

३० सप्टेंबर ही तारीख आमच्याकडे कुणाला आठवून द्यावी लागत नाही. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव निजलं होतं. पहाटे चारला चार मिनिटं असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची भुई हलली. आठ-दहा हजार माणसं गेली, ५२ गावं जमीनदोस्त झाली.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. तोही पहाटेच, माणसं अंथरुणात असताना. आपला ६.२चा, त्यांचा ६.७चा. तिथे माणसं गेली साठच्या आसपास. देशादेशांच्या स्पर्धेत कोण कुठे उभा आहे, हे या दोन पहाटांइतकं मला कुठल्याच क्रमवारीत दिसलेलं नाही. त्यांच्याकडे पैसा जास्त होता, हे कबूल. पण किल्लारीत जे कमी पडलं ते सगळंच काही महागाचं नव्हतं.

माळवदाच्या घराची भिंत आठवा. हातभराहून जाड, बघणाऱ्याला वाटावं गढीच. प्रत्यक्षात त्या दोन भिंती, एक आतली, एक बाहेरची, आणि मधे चिखल नि दगडांच्या कपच्या. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला तशा त्या एकमेकींपासून सुटल्या आणि गळू नये म्हणून वर्षानुवर्षं थरावर थर दिलेली माळवदाची माती झोपलेल्यांवर आली. थोड्या थोड्या अंतरावर एक लांब दगड आडवा घाला, हे पुढे पुनर्वसनाच्या कामात गवंड्यांना शिकवलं गेलं. तंत्रशिक्षण म्हटलं की लोकांना रॉकेट आठवतं, मला तो दगड.

आणि भुईनं काही सांगितलंच नव्हतं असंही नाही. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागोपाठ हादरे बसले होते, लोक बाहेर निजले होते. पण भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा कातळ म्हणजे भक्कम, हे आपण सगळ्यांनी पाठच केलं होतं. भूकंपानंतर हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा कळलं की काळा कातळ जेमतेम ३३८ मीटरच आहे, त्याखाली वेगळाच जुना खडक. किल्लारीचा पट्टाही नंतर बदलला.

याच लातूरच्या परीक्षा-तयारीच्या पद्धतीचा, ‘लातूर पॅटर्न’चा, मला अभिमान आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची पोरं त्यानं डॉक्टर-इंजिनीअर केली, हे थोडंथोडकं नाही. तरी एक खुपतं. परीक्षेत प्रश्नाखाली चार पर्याय असतात, १९९२च्या हादऱ्यांखाली एकही नव्हता. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे. पण मुलगी तिथे जाते म्हटल्यावर पाहुणे विचारतात, ‘नीटला मार्क कमी पडले का?’

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आता लायगो प्रकल्प होतोय. २६०० कोटींचा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा. दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जो तरंग उठतो, तो टिपायचा. पुण्याचे संजीव धुरंधर १९८०च्या दशकापासून या तरंगांमागे लागले, तेव्हा फारसं कुणी त्यांना जमेस धरत नव्हतं. अशी मोठी यंत्रं आज अमेरिका, इटली आणि जपानकडेच आहेत. त्या पंगतीत बसायला आपण जागा निवडली ती मराठवाड्यातली, इथली भुई शांत आहे म्हणून. मात्र या वेळी ते पाठ केलेलं नव्हतं, यंत्रं लावून मोजलेलं होतं.

मोजलं तरी भुई भुईच. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५चा हादरा बसला. मी नांदेडला होतो. सगळी गल्ली रस्त्यावर. पोरांनी मोबाइलवर आकडा शोधला, केंद्रबिंदू शोधला, एकमेकांना दाखवला. म्हातारी माणसं तेवढ्या वेळात मागे वळून घराच्या भिंतीकडे बघत उभी होती.