घडवणारी गाणी

१९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. ती लिहिणारे कवी ग. दि. माडगूळकर, म्हणजे गदिमा, सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे. संगीत सुधीर फडके यांचं. पुढे गीतरामायणाच्या तबकड्या आणि कॅसेट सातारा-सांगलीच्या घराघरांत पोचल्या. सातारा जिल्ह्यातल्या पसरणीच्या शाहीर साबळे यांचा खडा आवाजही असाच घरचा झाला.

हातात मोजक्या कॅसेट, म्हणून मुलं त्याच पुन्हा पुन्हा ऐकत. त्यातून उच्चार स्वच्छ झाले, ताल अंगात भिनला. गीतरामायणात राम, भरत, कौसल्या स्वतःच्या तोंडून बोलत, म्हणून दुसऱ्याची बाजू ऐकायची सवयही लागली. संस्कार असाच, पुनरावृत्तीनं होतो.

आज गाणी भरपूर आहेत. तरी एक अख्खा अल्बम मुलांना जवळ बसवून, मध्ये न थांबवता ऐका.