कळक

आबांच्या नातवाचं अक्षर बिघडलं, तेव्हा घरच्यांनी मोबाइलला दोष दिला. पोरगं १४ वर्षांचं. मग हाताला कंप आला, बोलताना जीभ जड पडू लागली, रात्री उशी लाळेने भिजू लागली. नजर काढून झाली, मारुतीला तेल घालून झालं. वर्ष गेल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे तपासून घ्यायला लावले. बुबुळाच्या कडेने हिरवट-तपकिरी कडं दिसलं आणि आजाराला नाव मिळालं : विल्सनचा आजार. साधारण ३०,००० माणसांत एखाद्याला होणारा. यात अंगात तांबं साठतं. यकृतात, मेंदूत, डोळ्यांत.

आणि हे घर कुठलं, तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं! पिढ्यान्‌पिढ्या बंब, हंडे, घंगाळं मठारणारं. आबा मटकन खाली बसले. "आमच्या हातोड्याचं पाप पोराला बाधलं."

"आबा, ऐरणीवरचं तांबं त्याच्यात शिरलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवणातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. लागेल तेवढं ठेवून बाकीचं यकृत पित्तावाटे टाकून देतं. ह्याच्या यकृताला ते टाकता येत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी खोट असलेली दोन जनुकं ह्याच्या वाट्याला आली."

"म्हणजे कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, तसं पोर आतून कळकलंय."

"तसंच समजा. ह्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी करा. तिलाही असण्याची शक्यता चारात एक आहे."

गोळी होती पेनिसिलामाइनची, या आजारावर १९५६ पासून वापरात असलेली. उपाशीपोटी घ्यायची, जोडीला ब-६ जीवनसत्त्व, आणि तेही जन्मभर. चॉकलेट, काजू, कलेजी बंद. आजीला मात्र सगळ्यात जड गेलं ते तांब्याच्या कळशीतलं पाणी बंद होणं. गावभर लोक आरोग्यासाठी तांब्याचे लोटे विकत घेत होते, आणि तांबटाच्या घरात माठ आला.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की काहींचा कंप सुरुवातीला वाढतो. तसं झालं तर लगेच या. झालंही तसंच. तीन आठवड्यांत पोराला पेला धरवेना. पण आबांचा मुलगा, म्हणजे पोराचा बाप, दवाखान्यात गेला नाही. त्याला मेव्हण्याने एका वैद्यबुवांचा पत्ता दिला होता. त्यांच्या पुड्यांनी महिन्यात रोग मुळासकट जाणार होता. अट एकच, गोळ्या बंद. मुलाने आबांना न सांगता त्या बंद केल्या. त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. डोळ्यांदेखत लेकराचा हात थरथरत असताना बापाला जो कुणी महिन्याचा वायदा देईल, तो देव वाटतो.

सहाव्या दिवशी आबांच्या हाती पुडी लागली. काळी, मऊ पूड. त्यांनी वैद्यबुवांना फोन लावला.

"ह्यात काय आहे, महाराज?"

"ताम्रभस्म. काट्याने काटा काढायचा."

"अंगातलं तांबं किती निघालं, ते कळणार कसं?"

"चेहऱ्यावर तेज दिसेल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर तुमची श्रद्धा कमी पडली."

आबांनी फोन ठेवला आणि मुलाला घेऊन तडक दवाखाना गाठला. तिथेही तोच प्रश्न. किती निघालं?

डॉक्टरीणबाई आधी पुड्यांबद्दल चिडल्या, मग त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. दिवसभराची, म्हणजे २४ तासांची लघवी साठवून तिच्यातलं तांबं मोजलेलं. गोळीआधी १८० मायक्रोग्रॅम, गोळी सुरू असताना ९००.

"बघा, वाढलंच की!" मुलगा उसळला.

आबांना हसू आलं. "अरे, कळकलेला हंडा चिंचेने घासला की पाणी हिरवं होतं, ते कळक वाढला म्हणून का सुटला म्हणून?"

डॉक्टरीणबाईंनी गोळीची मात्रा कमी करून हळूहळू वाढवत नेली. "हे सोसलं नाही तर दुसरं औषध आहे. काहींना यकृत बदलावं लागतं. आणि पोर पूर्वीसारखं होईलच, असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. मुलाचा चेहरा पडला, पण आबांचा विश्वास नेमका याच वाक्याला बसला. घंगाळ कधीच चेपणार नाही असं सांगून विकणारा दुकानदार त्यांनी आयुष्यभर पाहिला होता.

पेठेतल्या लोकांनी मात्र आबांनी आयुर्वेद सोडला असं ठरवून टाकलं. हा आपला एक रोगच आहे. औषधाला आपण पक्षासारखं मत देतो. पेठेतल्याच एका म्हाताऱ्या वैद्यांकडे आबा त्याच आठवड्यात जाऊन आले होते. ते म्हणाले, "ताम्रभस्म आमच्या ग्रंथांत आहे. पण ज्याच्या अंगातून तांबं निघतच नाही, त्याला ते मी कसं देऊ? पोराला पोट साफ होत नाही, तेवढं बघतो. तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून." फी त्यांनी घेतली नाही.

नातीच्या तपासणीत तोच आजार निघाला. लक्षण एकही नव्हतं. तिला जस्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. जस्त आतड्यातच तांब्याला अडवतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगताच आबा म्हणाले, "कळलं. हिला वेळेत कल्हई."

दीड वर्ष झालं. आजीची कळशी तुळशीपाशी आहे, तिच्यातलं पाणी तुळशीला जातं. पोराची जीभ अजून मधेच अडखळते. संध्याकाळी ते दुकानात बसतं आणि काट्यावर चढवलेल्या मालाचं वजन चिठ्ठीवर लिहितं. परवा आबांनी एक चिठ्ठी दिव्याखाली धरली.

"हे सात आहेत का एक?"

"सात."

"पुन्हा लिही. आणि रात्रीची गोळी घेतलीस का?"